बाळोत्याचा पुरळ आणि त्यावरील घरगुती उपाय

तान्ह्या मुलाच्या कुल्ल्यांवर व मांड्यांवर कातडी लालभडक होऊन सोलवटते, मूल मुतलें कीं किंचाळतें, आणि रात्रभर आईचा डोळा लागत नाहीं. हा प्रकार ठाऊक नाहीं असें घर आपल्या मंडळ्यांत क्वचितच सांपडेल. ह्यास आम्ही येथें बाळोत्याचा पुरळ म्हणूं. हा बहुधा जिवावर बेतणारा नसतो, म्हणूनच त्याकडे कोणी डॉक्टर फिरकत नाहीं, आणि शेजारीपाजारी सांगतील ते उपाय त्या बिचाऱ्या जिवावर केले जातात. पुष्कळदां रोगापेक्षां हे उपायच मुलास अधिक छळितात. सबब आमच्या उपदेशक बंधूंनीं व मातांच्या सभा चालविणाऱ्या भगिनींनीं हा धडा सभेंत सावकाश वाचून दाखवावा, अशी विनंती आहे. पुरुषांनीं हा बायकांचा विषय म्हणून उठून जाऊं नये. मूल दोघांचें आहे.

प्रथम कारण समजून घ्यावें. आईनें उष्ण पदार्थ खाल्ले म्हणून दुधांतून मुलाच्या अंगीं उष्णता गेली, असें सासवा म्हणतात. कोणी म्हणतात दृष्ट लागली. ह्यांतील एकहि गोष्ट खरी नाहीं. खरें कारण अगदीं साधें आहे, तें म्हणजे ओल. ओलें बाळोतें तासन् तास अंगाला चिकटून राहिलें म्हणजे, पावसाळ्यांत चिखलांत राबणाऱ्या माणसाच्या पायांची बोटें जशीं पांढरी पडून कुजतात, तशीच मुलाची कातडी भिजून मऊ पडते. मग कापडाचें घर्षण तिला सोसत नाहीं. त्यांत शी व लघवी एकत्र मिसळली म्हणजे भर पडते. शीमध्यें अन्न पचविणारे रस असतात. लघवी कुजून तिचा क्षार वाढला कीं त्या रसांस जोर चढतो, आणि ते मुलाची कोंवळी कातडीच पचवूं लागतात. मोठ्या माणसाच्या मानानें तान्ह्याची कातडी पातळ असते, हें ध्यानांत ठेवावें म्हणजे आग किती होत असेल ह्याची कल्पना येईल.

उष्णतेच्या समजुतीविषयीं थोडें अधिक लिहिणें भाग आहे, कारण तिच्यानें दोन जिवांची हानि होते. मुलाला पुरळ दिसला कीं बाळंतिणीचें खाणें तोडतात. डाळ बंद, अंडें बंद, शेंगदाणे बंद, आणि कोरडी भाकर तेवढी पानांत. दूध पाजणाऱ्या आईस नेहमीपेक्षां अधिक अन्न लागतें. तिला उपाशी ठेवून मुलाचें ढुंगण बरें होत नाहीं, मात्र आई खंगते. उलट जें मूल केवळ आईच्या दुधावर असतें त्याची शी कमी तिखट असते, व त्याला हा पुरळ वरच्या दुधाच्या मुलापेक्षां कमी होतो. म्हणून पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून दुसरें कांहीं, पाणीसुद्धां, देऊं नये, आणि आईला पोटभर जेवूं घालावें. घरांत कोणी दोष देऊं लागलें तर नवऱ्यानें पत्नीची बाजू घ्यावी. एरवीं त्या तरुण मुलीचें ऐकणारें कोणी नसतें.

दुसरी गोष्ट अंगाऱ्याची. आपल्यांतील कित्येक कुटुंबें देवऋष्याचा उंबरठा सोडून आलीं, तरी मूल दोन रात्री रडलें म्हणजे म्हातारीं माणसें हळूच अंगारा घेऊन येतात, व सुनेला नाहीं म्हणवत नाहीं. उपदेशकांनीं अशा घरीं जाऊन तंबी देऊं नये. भ्यालेल्या मनुष्यास तंबीचा उपयोग होत नसतो. मुलासाठीं प्रार्थना करावी, आणि लगेच कोमट पाणी मागवून मूल कसें धुवावें तें दाखवावें. राखेंत क्षार असतो. सोललेल्या कातडीवर ती पडली म्हणजे आग दुप्पट होते, एवढें शांतपणें सांगितलें तर म्हातारीलाहि पटतें. यहेज्केल १६:४ येथें टाकून दिलेल्या मुलीचें वर्णन आहे. तिला कोणी धुतलें नाहीं, मीठ चोळिलें नाहीं, बाळंत्यांत गुंडाळिलें नाहीं. धुणें व स्वच्छ कापड हीं त्या काळींहि मायेचीं पहिलीं लक्षणें होतीं. (मीठ चोळण्याची चाल त्या देशची, ती मात्र कोणी उचलूं नये.)

आतां उपाय. मूल मुतलें किंवा हगलें कीं बाळोतें तत्काळ बदलावें. हा निम्म्याहून अधिक उपाय झाला. दिवसां दर दोन तासांनीं हात लावून पाहावें, व रात्रीं दूध पाजावयास उठाल तेव्हां पाहावें. कोमट साध्या पाण्यानें मऊ जुन्या धोतराच्या तुकड्यानें हळूच धुवावें. शी वाळून चिकटली असेल तर घासूं नये, वर पाणी ओतीत राहावें, आपोआप सुटते. साबण रोज नको. लागलाच तर शीनंतर थोडा सौम्य साबण घेऊन पूर्ण धुऊन टाकावा. मुलीला पुढून मागें पुसावें, म्हणजे शी लघवीच्या वाटेंत जात नाहीं. मग कोरड्या कापडानें टिपून घ्यावें. टिपणें निराळें आणि पुसणें निराळें. त्यानंतर मुलाला गोधडीवर पालथें किंवा कुशीवर घालून उघडेंच वाऱ्यावर राहूं द्यावें, आणि कोणीतरी जवळ बसावें. असें दिवसांतून तीन चार वेळां, वीस पंचवीस मिनिटें केलें तर साधा पुरळ दोन तीन दिवसांत उतरतो. मूल झोंपी गेलें तर मात्र त्याला उताणें करावें. दुपारच्या कडक उन्हांत ठेवूं नये. गोधडी भिजेल म्हणून कुरकुरूं नये.

कातडी पुरती कोरडी झाल्यावर तिजवर ओल न शिरणारा थर द्यावा. झिंक ऑक्साईडचें मलम औषधांच्या दुकानांत मिळतें, तें उत्तम. तें नसेल तर साधें व्हॅसलीन. मलम चोळून जिरवावयाचें नसतें, भिंतीला गिलावा करावा तसा जाड थर द्यावा. पुढच्या वेळीं वरची घाण तेवढी काढावी, खालचा स्वच्छ थर खरवडूं नये, व वर पुन्हा भर घालावी. कातडी फुटलेली नसेल तर शुद्ध खोबरेलहि चालतें. येथें एक सूचना: हगवणीवर आरोग्यकेंद्रांत ज्या झिंकच्या गोळ्या देतात त्या पोटांत घेण्याच्या आहेत. त्या कुटून ढुंगणास लावूं नयेत, आणि मलम पोटांत जाऊं देऊं नये.

काय लावूं नये ह्याची यादी लांब आहे. सुगंधी पावडर नको. ती ओलीनें गोळा होऊन घासते, आणि तिची धूळ मुलाच्या फुप्फुसांत जाते. बोरिक पावडर तर मुळींच नको. ती पुष्कळ घरांत कॅरमच्या पाटावर टाकण्यासाठीं असते व निरुपद्रवी वाटते. पण सोललेल्या कातडीवाटे ती रक्तांत शिरून मुलास विषबाधा होते. खाण्याचा सोडा, चुना, हळद, डेटॉल, ह्यांपैकीं कांहींहि नको. आणि दुकानदार स्वतःच्या अकलेनें जें खाजेचें मलम देतो, ज्यांत दोन तीन औषधें एकत्र असतात, तें घेऊं नये. त्यांत बहुधा स्टिरॉईड असतें. पहिल्या दिवशीं लाली झट्कन जाते म्हणून तें मोठें गुणकारी वाटतें. पुढें कातडी पातळ पडते, बुरशी माजते, आणि घट्ट लंगोटाखालीं तें औषध अंगांत अधिक जिरतें.

बुरशीचा प्रकार ओळखतां आला पाहिजे. साधा पुरळ बाळोतें जेथें घासतें तेथें, म्हणजे कुल्ल्यांच्या फुगीर भागावर असतो, व जांघेच्या घड्या बहुधा मोकळ्या असतात. बुरशी मात्र घड्यांतच शिरते. रंग गडद लाल असतो, कडा स्पष्ट दिसतात, आणि मोठ्या चट्ट्याभोंवतीं लहान लहान लाल ठिपके विखुरलेले असतात. मुलाच्या तोंडांतहि पुसून न निघणारे पांढरे डाग असूं शकतात. ताप खोकल्यावर जंतुनाशक औषध दिल्यानंतर हें वारंवार होतें. अशा वेळीं झिंक मलमानें भागत नाहीं. बुरशीवरचें मलम डॉक्टरांकडून घ्यावें, व लाली गेली तरी त्यांनीं सांगितलेले दिवस पुरे लावावें. तोंडांत डाग असले तर आईच्या स्तनाग्रांसहि औषध लागतें, हें त्यांस विचारावें.

बाळोतीं कशीं धुतां ह्यावरहि पुष्कळ अवलंबून आहे. सोडा व साबणाची पूड कापडांत राहिली तर लघवीनें ती पुन्हा ओली होऊन अंगास लागते. म्हणून शी आधीं वेगळी झटकून, साबणानें धुऊन, तीन वेळां स्वच्छ पाण्यांत पिळावें व कडक उन्हांत वाळवावें. पुरळ असेल तोंवर उकळावें. पावसाळ्यांत वाळत नाहींत ही अडचण खरी आहे. जुन्या सुती लुगड्याचीं वीस पंचवीस बाळोतीं आधींच फाडून ठेविलीं तर ओलीं गुंडाळण्याची पाळी येत नाहीं. बाळोत्यावर प्लॅस्टिकची चड्डी घालूं नये. बाजारचे डायपर वाईट नाहींत, ते ओल चांगली शोषतात. दोष आपल्या काटकसरीचा. महाग पडतो म्हणून एकच सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवितात. तीन चार तासांनीं बदलणें परवडत नसेल तर घरीं बाळोतींच बरीं, आणि डायपर प्रवासापुरता.

ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या आयांस हें सारें सांगणें सोपें आणि करणें कठीण, हें आम्ही जाणतों. मूल झोळींत, आई फडांत, आणि पाणी दूर. त्यांनीं निदान बाहेर पडतांना व परत आल्यावर जाड मलम लावावें, दहा बाळोतीं व पाण्याची एक बाटली झोळीशीं ठेवावी, आणि मुलास संभाळणाऱ्या बहिणीला, ती आठ वर्षांची कां असेना, बदलावयास शिकवावें. ज्या मंडळींत अशीं कुटुंबें आहेत तेथील स्त्रियांच्या सभेनें हंगामापूर्वीं जुनें सुती कापड व मलमाच्या डब्या जमवून दिल्या तर ती दहा भाषणांहून मोठी सेवा होईल.

तीन दिवस नीट काळजी घेऊनहि उतार पडला नाहीं तर आशाताईस दाखवावें. दवाखान्यांत जन्मलेल्या मुलास पाहावयास ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ ह्या दिवशीं घरीं येते. तेव्हां लाजून मूल झांकून ठेवूं नये, उघडून दाखवावें. पुरळाबरोबर हगवण असेल तर दूध चालू ठेवून ओ. आर. एस. पाजावें व आरोग्यकेंद्रांतून झिंकच्या गोळ्या आणाव्या. परंतु पुवाचे फोड आले, कातडींतून रक्त येऊं लागलें, ताप आला, मूल दूध ओढीना किंवा मलूल पडलें, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. आणि मूल अठ्ठावीस दिवसांच्या आंतील असेल तर रात्र असली तरी थांबूं नये, १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलवावी. जातांना लावीत असलेलें मलम, पावडर किंवा पुडी जें असेल तें बरोबर न्यावें, आणि अंगारा लाविला असेल तर तोहि डॉक्टरांस न भितां सांगावा.