उघडा चिलर घेण्याआधी

चोपड्यात किराणा दुकान मोठे करून दूध, दही, पनीर, सरबतांसाठी चिलर घ्यायचा विचार असेल, तर काचेचे दार असलेलाच घ्या. आमच्या दुकानासाठी मी पहिल्या बोलणीपासून दाराचा आग्रह धरला होता. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते: दार आले की गिऱ्हाईक हात घालत नाही, पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये सगळे उघडेच असते. शेवटी उघडाच चिलर आला, आणि पुढे बिल चढले तेव्हा त्याच माणसाकडून आधी ऊन, मग व्होल्टेज, मग आमची माणसे माल नीट लावत नाहीत, आणि शेवटी ‘गॅस कमी झाला असेल’, अशी कारणे आली. यंत्राची रचना मात्र एकाही कारणात नव्हती. सगळा दोष आमच्या गावाचा, आमच्या विजेचा आणि आमच्या माणसांचा. खरे कारण रचनेतच आहे आणि ते कागदावर दाखवता येते, म्हणून हे लिहितो आहे.

उभ्या उघड्या चिलरला पुढून दार नसते; वरून खाली सोडलेला थंड हवेचा पडदा तेवढा असतो. अशा चिलरवर जो उष्णतेचा भार पडतो, त्यातला साधारण तीन चतुर्थांश भार या पडद्यातून आत शिरणाऱ्या बाहेरच्या हवेचा असतो. भिंतींतून येणारी उष्णता, आतले दिवे, पंखे हे सगळे मिळून उरलेला भाग. म्हणजे बिल ठरवते ती दुकानातली हवा. आता माहितीपत्रकात ‘रोज इतके युनिट’ म्हणून छापलेला आकडा कुठून येतो ते पाहा. दुकानी चिलरच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २३९५३ आहे. त्यात हवामानाचे वर्ग पाडलेले आहेत आणि नेहमी वापरला जातो तो तिसरा वर्ग, म्हणजे २५ अंश सेल्सियस, ६० टक्के आर्द्रता, आणि यंत्रासमोरून वाहणारी हवा सेकंदाला फार तर ०.२ मीटर. माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरांत असलेली ही ओळ वाचली की सगळा उलगडा होतो, आणि रागही तिथेच येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४४ वर असतो आणि आखाजीच्या सुमारास, थंड मालाला सगळ्यात जास्त मागणी असते तेव्हा, दुकानातले छताचे पंखे पूर्ण वेगाने चालू असतात. त्या पंख्याच्या झोताखाली हवेचा पडदा टिकत नाही. मानकात उपाय नव्हता असेही नाही. त्याच मानकाचा पाचवा वर्ग ४० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेचा आहे, जवळजवळ आमच्याच उन्हाळ्याचा. त्या वर्गातल्या वीजवापराचा आकडा विक्रेत्याने आपण होऊन सांगायला हवा होता.

दुसरा फटका मागच्या बाजूने बसतो. कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकायची असते आणि बाहेरची हवा जितकी तापलेली, तितके कॉम्प्रेसरला जास्त रेटावे लागते. कंडेन्सरचे तापमान एक अंशाने वाढले की वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते. प्लगवर चालणारा चिलर ही उष्णता दुकानातच सोडतो. दुकानात एसी असेल तर तीच उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज, म्हणजे एकाच उष्णतेचे पैसे दोनदा. त्यात आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या हंगामातला तंतू जाळीवर बसतो. हवा अडली की कंडेन्सर आणखी तापतो.

दारामुळे विक्री घटते, हा आक्षेप अंदाजाने मानण्याची गरज नाही. तो मोजून पाहिला गेला आहे. अमेरिकेत फ्रिक आणि बेकर यांनी २०१० मध्ये दोन दुकानांत उघडा आणि दाराचा चिलर यांची तुलना केली. दाराच्या चिलरला प्रत्येक फुटामागे जवळपास पाव हिस्सा वीज कमी लागली आणि विक्रीवर ठळक परिणाम दिसला नाही. फ्रान्समधल्या मोठ्या किराणा साखळ्यांनी २०१२ मध्ये सरकारशी करार करून २०२० पर्यंत तीन चतुर्थांश चिलरना दारे बसवण्याचे ठरवले. विक्री बुडेल अशी खात्री असती तर व्यापाऱ्यांनी हे मान्य केले नसते. काचेवर धुके येते, हा दुसरा आक्षेप पावसाळ्यापुरता खरा आहे; त्याला दुहेरी काच हा उपाय आहे, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तर तो प्रश्नच येत नाही. उलट वीज गेली की बंद चिलरमधले दूध कितीतरी जास्त वेळ टिकते. तालुक्याच्या ठिकाणी या एका कारणासाठीही दार परवडते.

‘इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आहे, काळजी नको’ असेही सांगतात. इन्व्हर्टर चांगलाच, पण तो आत आलेली उष्णता कमी विजेत बाहेर काढतो, आत येणारी उष्णता अडवत नाही. गळक्या हंड्याला मोठा नळ जोडून हंडा भरत नाही. शीतपेयांचा फुकट मिळणारा कूलरही असाच तपासा. फ्रीज कंपनीचा, वीज आपली. तो रोज ६ युनिट घेतो आणि सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांना पडते, असे समजा. वर्षाला २,१९० युनिट, म्हणजे २६,२८० रुपये. दहा वर्षांत अडीच लाखांच्या पुढे. त्या कंपनीच्या बाटल्यांवर तेवढा नफा सुटतो का, हा हिशेब कूलर उतरवून घेण्याआधी करायचा. शिवाय अशी यंत्रे वाढत जाऊन मंजूर भार २० किलोवॅटच्या पुढे गेला, तर महावितरणच्या वाणिज्य दरातली उपवर्गवारी बदलते आणि स्थिर आकाराचे गणितही बदलते. यंत्र विकणारा हे सांगणार नाही.

म्हणून घेताना हे लेखी मागा: ४० अंशांच्या चाचणीतला रोजचा वीजवापर, दाराच्या काचेचा प्रकार, आतल्या पंख्यांची मोटर कोणती. जुन्या शेडेड पोल मोटरपेक्षा ईसी मोटर खूप कमी वीज घेते, आणि पंखा आतच असल्याने त्याची वाचलेली प्रत्येक वॅट उष्णता कॉम्प्रेसरचेही काम कमी करते. दिवे एलईडी घ्यावेत तेही याचसाठी. गोठवलेल्या मालासाठी वरून झाकण उघडणारा डीप फ्रीजर घ्या, कारण थंड हवा जड असते, झाकण उघडले तरी खालीच राहते. त्यावरचे तारांकनही पाहून घ्या. उघडा चिलर आधीच असेल तर त्याच्यावरचा छताचा पंखा बंद ठेवा, माल भरणरेषेच्या बाहेर येऊ देऊ नका, परतीच्या हवेच्या जाळ्या झाकू नका, आणि दुकान बंद करताना रात्रीचा पडदा ओढा. कंडेन्सरची जाळी उन्हाळ्यात आणि कापसाच्या हंगामात वारंवार साफ करा, मागे भिंतीला यंत्र चिकटवू नका. आणि गॅसबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ही सीलबंद यंत्रणा आहे, गॅस वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. गळती कुठे ते न दाखवता गॅस भरून पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका.

काटकसर सगळ्यांनाच हवी असते, हिशेब नियमित ठेवावा, माहितगारांचा सल्ला घ्यावा, हे ठीकच आहे. पण विकणाऱ्याचा हिशेब यंत्र उतरले त्या दिवशी संपतो आणि आपला त्या दिवसापासून सुरू होतो, हे विसरलात तर यातली कोणतीही सूचना कामाला येणार नाही. तो दार नको म्हणत असेल, तर वाढीव बिलातला वाटा उचलायची लेखी तयारी त्याच्याकडून घ्या. देणार नसेल, तर दुसरे दुकान गाठा.