नेल गन घ्यायची? आधी खिळा ठरवा, मग गन!

पॅलेट आणि पॅकिंगच्या लाकडी पेट्यांवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय: "सर, कोणती नेल गन घेऊ?" दुकानात येणारा मुलगाही पहिलं वाक्य हेच बोलतो. मी उलट विचारतो, "खिळा कोणता मारणार?" तिथे बहुतेक जण गप्प होतात.

मीही एकदा असाच गप्प झालो होतो. बीबीए झालं होतं, हिशोब येत होता, पण लाकडाला हात लावला नव्हता. एका विक्रेत्याने स्वस्तात दिली म्हणून मी पट्टीच्या खिळ्यांची गन उचलली. सोबत मिळालेले खिळे संपल्यावर कळलं की त्या कोनाच्या पट्ट्या आपल्या बाजारात कुणी ठेवतच नाही. ऑर्डर हातात, गन हातात आणि खिळे नाहीत! शेवटी हातोडीने माल पूर्ण केला, तोही उशिरा. ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

गनचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात खिळ्यांची सरळ पट्टी बसते. घराचे लाकडी सांगाडे ठोकायला अमेरिकेत ती खूप वापरतात. आपल्याकडे लाकडाची घरं कुठे? आपलं काम पॅलेट, पेट्या आणि क्रेटचं. त्याला कॉइलची गन बरी, कारण एका गुंडाळीत दोनशे-तीनशे खिळे बसतात आणि पुन्हा पुन्हा भरत बसावं लागत नाही. दुकानात सीएन-५५, सीएन-७० आणि सीएन-८० अशी नावं ऐकाल. तो आकडा म्हणजे साधारण किती मिलिमीटरपर्यंतचा खिळा चालतो ते. वरची फळी २० मिमी असेल तर तिच्या अडीच-तीन पट, म्हणजे ५०-५७ मिमीचा खिळा पुरतो. तिथे सीएन-५५ चालते. जड मशिनच्या क्रेटला जाड लाकूड असतं, तिथे मोठी गन लागते. पॅलेटला शक्यतो रिंगवाला किंवा पिळाचा खिळा घ्या. साधा गुळगुळीत खिळा लाकूड सुकल्यावर सैल होतो.

आता कागद-पेन घ्या. समजा तुमच्या पॅलेटला वर ७ फळ्या, खाली ५ फळ्या आणि मध्ये ३ उभे बॅटन आहेत. प्रत्येक जोडावर २ खिळे धरा. १२ गुणिले ३ गुणिले २, म्हणजे ७२ खिळे. ३०० च्या कॉइलमध्ये चार पॅलेट होतात. दिवसाला ५० पॅलेट म्हणजे ३६०० खिळे, १२ कॉइल. कोटेशन देताना हा खर्च धरायला लोक विसरतात!

मिनिटाला ४० खिळे मारले तरी ३६०० खिळ्यांना दीडच तास लागतो. मग उरलेला दिवस जातो कुठे? फळ्या मांडण्यात, काटकोन बघण्यात. म्हणून दुसऱ्या गनच्या आधी लाकडाचा किंवा अँगलचा एक पक्का साचा बनवा. फळी टाकली की जागेवर बसली पाहिजे.

कंप्रेसरचंही गणितच आहे. गनच्या माहितीपत्रकात एका खिळ्याला किती हवा लागते ते बघा. समजा २ लिटर. मिनिटाला ४० खिळे म्हणजे ८० लिटर, जवळपास ३ सीएफएम. दोन गन असतील तर ६, आणि गळतीसाठी थोडं वर, म्हणजे ७-८ धरा. विक्रेता सांगतो तो आकडा बऱ्याचदा पिस्टनचा असतो. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याहून कमी असते, म्हणून "फ्री एअर डिलिव्हरी किती?" असंच विचारा. टाकी मोठी असली म्हणून हवा जास्त बनत नाही, फक्त साठते.

प्रेशर ७०-८० पीएसआयवर सुरू करा. खिळ्याचं डोकं वर राहिलं तर थोडं थोडं वाढवा, पण गनवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या पुढे कधीच नको. टाकीतलं पाणी रोज सोडा. सकाळी गनच्या हवेच्या तोंडात एअर टूलच्या तेलाचे दोन-चार थेंब टाका. ऑक्सिजनचं सिलिंडर गनला जोडायचा विचारसुद्धा नको, स्फोट होतो.

आता ट्रिगर. हा भाग घाईत वाचू नका. एका प्रकारात ट्रिगर दाबून ठेवला की टोक टेकेल तिथे खिळा बसतो. काम पटापट होतं. माझ्या शेडमध्ये नवीन मुलाला मी तीच गन दिली होती. धक्क्याने गन उडाली आणि पुन्हा टेकली. दुसरा खिळा पहिल्याच्या डोक्यावरून सरकून फळी धरलेल्या डाव्या हातात गेला. तीन आठवडे तो घरी होता. खर्च मी केला, पण त्याच्या आईसमोर उभं राहताना काय बोलावं सुचत नव्हतं. चूक माझी होती, त्याची नाही.

तेव्हापासून नवीन माणसाला आधी टोक टेकवायचं आणि मग ट्रिगर दाबायचा, दर खिळ्याला असंच, अशीच गन देतो. वेग कमी होतो, होऊ दे. धरणारा हात खिळ्यापासून किमान वीतभर लांब ठेवायला सांगा. चष्मा प्रत्येकाला द्या, शेजारी फळ्या देणाऱ्यालाही. खिळा अडकला तर आधी पाईप काढायचा, मगच झाकण उघडायचं.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या भागातल्या तीन दुकानांत जा आणि फक्त कॉइलच्या खिळ्यांचा भाव आणि लांबी विचारा. तिन्ही ठिकाणी मिळेल तो माप वहीत लिहा. गन त्या मापाची घ्यायची आहे.