नीफाय, मिलिंद आणि उकर्डा

प्रश्न : माझी नात लग्नानंतर अमेरिकेत युटा राज्यात राहते. तिच्या आजूबाजूला मॉर्मन पंथाची बरीच कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांची नावं ऐकून ती चकित होते. एकाचं नाव नीफाय, दुसऱ्याचं मॅकाय, त्यांच्या आजीचं लाव्हर्न. इतर अमेरिकन माणसांनाही ही नावं विचित्र वाटतात म्हणे. त्यांच्या धर्माची तशी आज्ञा आहे का? आणखी एक विचारायचं आहे. माझ्या आजेसासऱ्यांचं नाव उकर्डा होतं. नात आता घराण्याची वंशावळ लिहायला बसली आहे आणि ‘उकर्डाच्या जागी ओंकार लिहू का?’ असं विचारते. तिला काय सांगू?
— एक आजी, पिंपळगाव राजा (ता. खामगाव, जि. बुलढाणा)

उत्तर : आजी, आधी आज्ञेचं बघू. तशी आज्ञा नाही. आपल्याकडे नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर निघतं, तसाही नियम त्यांच्यात नाही. मूल लहान असताना रविवारच्या सभेत बाप आणि इतर पुरुष त्याच्याभोवती कडं करून उभे राहतात, नाव उच्चारतात आणि आशीर्वाद देतात. आपल्याकडे आत्या कानात ‘कुर्रर्र’ करते, त्यांच्याकडे तो मान बापाचा. नाव कोणतं ठेवायचं ते मात्र आईबापच ठरवतात.

मग अशी नावं येतात कुठून? थोडी त्यांच्या ग्रंथातून. हा पंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा ग्रंथ छापून निघाला. नीफाय, लीहाय, अल्मा, हीलामन, मोरोनाय ही त्यातली माणसं. यातला अल्मा पुरुष आहे, पण बाकी अमेरिकेत अल्मा हे बाईचं नाव. मोरोनाय हा त्यांचा देवदूत. त्यांच्या अनेक मंदिरांच्या शिखरावर हातात कर्णा घेतलेला त्याचा सोनेरी पुतळा असतो. युटामध्ये लीहाय, नीफाय आणि मोरोनाय या नावांची गावंसुद्धा आहेत. काही नावं पुढाऱ्यांवरून आली. १८४७ मध्ये या लोकांना वाळवंटी मुलखात घेऊन गेलेले ब्रिगम यंग यांच्यावरून ब्रिगम, आणि १९५१ ते १९७० या काळात पंथाचे अध्यक्ष असलेल्या डेव्हिड मॅकाय यांचं तर आडनावच मुलांचं नाव झालं. नातीच्या शेजारचा मॅकाय बहुधा त्याच वाटेने आलेला.

लाव्हर्नची गोष्ट वेगळी. नावाच्या पुढे ‘ला’ लावायचं, बापाच्या नावाला ‘ईन’ किंवा ‘लिन’ जोडून मुलीचं नाव करायचं, दोन नावं तोडून तिसरं घडवायचं, ही तिथली जुनी हौस. मला यामागे एक साधं कारण दिसतं. युटात पहिल्यांदा वसलेल्यांत इंग्लंड आणि डेन्मार्ककडून आलेली कुटुंबं पुष्कळ होती. घरं मोठी, मुलं पुष्कळ, नाती एकमेकांत गुंतलेली, आणि जेन्सन, हॅन्सन, क्रिस्टेन्सन ही आडनावं घरोघरी. सगळ्यांचा देव एक, सभा एक, रविवार एक. अशा गावात आपलं पोर चारचौघांत वेगळं ओळखू यावं म्हणून आईबापांच्या हातात नावच उरतं. ग्रंथातलं नाव ‘आम्ही यांच्यातले’ असं सांगतं आणि घडवलेलं नाव ‘पण हा आमचा’ असं सांगतं. या दोन्ही ओढी एकाच घरात नांदतात. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले मिट रॉम्नी याच पंथाचे. त्यांचं पहिलं नाव विलर्ड, ते हॉटेलवाले मॅरियट या कौटुंबिक स्नेह्यांच्या नावावरून. मिट हे नाव फुटबॉल खेळणाऱ्या एका नातलगाचं. त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव टॅग.

हा पंथ आपल्या मुलखाला अगदीच अनोळखी नव्हता. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला, पुढे पुण्याला गेला आणि तिथे त्याने छोटी मंडळीही जमवली. काही वर्षांतच ते काम थांबलं, त्यामुळे आपल्या नावांवर त्याचा काही ठसा उमटला नाही.

आता आपल्या भागाकडे या. तुमच्या गावाहून शेगाव फार लांब नाही. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज तिथे प्रथम दिसले, ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली, आणि तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात गजानन नावाची माणसं किती झाली याला गणती नाही. एकाच आळीत तीन गजानन असले की कोणी बापाच्या नावाने ओळखला जातो, कोणी धंद्याने, कोणी घरातल्या हाकेच्या नावाने. युटाच्या लोकांनी पाळण्यातच नवं नाव घडवलं. आपण जुनं नाव ठेवलं आणि व्यवहारात त्याला जोड दिली. अडचण दोघांचीही तीच होती.

धर्माशी जोडलेल्या नव्या नावांचं आपल्याकडचं सगळ्यांत मोठं उदाहरण १९५६ चं. १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतरच्या पिढीत विदर्भातल्या गावोगावच्या शाळांचे हजेरीपट बदलले. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, नागसेन, सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा, महामाया ही नावं बारशाला येऊ लागली. आजोबा कचरू आणि नातू मिलिंद, असं अंतर दोन पिढ्यांत कापलं गेलं. हा मिलिंद कोण? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर. त्याने नागसेन भिक्षूला विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ. बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या कॉलेजला मिलिंद हे नाव मिळालं, मुंबईच्या कॉलेजला १९४६ सालीच सिद्धार्थ हे नाव दिलेलं होतं. एका ग्रीक राजाचं नाव वऱ्हाडातल्या पोरांना आज इतकं सहज शोभतं की त्यात परकं काही आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. नीफायचंही युटात तसंच आहे. स्वीकारलेल्या धर्माच्या ग्रंथातून पोराचं नाव घ्यायचं ही रीत दोन्हीकडे सारखी, फक्त युटाची माणसं देश सोडून आडरानात गेली होती आणि आपली माणसं आपल्याच गावात राहून नवी झाली होती. मला यातलं दुसरं काम जास्त अवघड वाटतं. गावकुसाबाहेर राहणाऱ्या पोराला पाटलाच्या वाड्यासमोर ‘सिद्धार्थ’ अशी हाक मारायला धैर्य लागलं असणार.

धैर्य म्हणतो, त्याला कारण आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस येईल असं असावं, असं सांगितलेलं आहे. ज्यांना शूद्राच्याही खाली ढकललं होतं त्यांच्या नावांची गत काय असेल ते सांगायला नको. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जाळला गेला, तेव्हा त्या आगीत हा नियमही होता.

म्हणूनच तुमच्या आजेसासऱ्यांच्या नावाबद्दल बोलताना मी जपून बोलतो. कचरू, उकर्डा, धोंडू ही नावं वरच्या कुणी तरी अंगावर चिकटवलेली असू शकतात. पण आपल्या भागात ती पाटील-देशमुखांच्या घरांतही आहेत, आणि तिथे कारण निराळं असतं. शेणफड, सुपडा, कवडू, दगडू, भिका, नथू ही सगळी त्याच कुळीतली.

ज्या घरात पाठोपाठ मुलं दगावत, तिथे नवं मूल जन्मलं की आईचा जीव टांगणीला लागायचा. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर काय लिहून जाईल याची धास्ती असायची. मग मूल सुपात घालायचं, घराबाहेर नेऊन उकिरड्यावर क्षणभर टेकवायचं, सुईण किंवा शेजारीण येऊन ‘मला हे सापडलं’ म्हणून उचलायची, आणि आईने ते तिच्याकडून कवडी देऊन किंवा पसाभर ज्वारी देऊन विकत घ्यायचं. सुपातून आला तो सुपडा, कवडीला घेतला तो कवडू, उकिरड्यावर ठेवला तो उकर्डा. मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवलं तर तो नथू. देवाने, दृष्टीने, मरणाने या पोराकडे बघूच नये, टाकाऊ समजून पुढे जावं, म्हणून आईने आपल्या काळजाच्या तुकड्याला मुद्दाम वाईट नाव दिलं. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात दर पाच अर्भकांतलं एक तरी वर्षाच्या आत जात असे. २०२० च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात हा आकडा हजारी १६ वर आला. लसी आल्या, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली, आणि नवा उकर्डा गावात दिसेनासा झाला.

या नावांच्या शेजारी नकुशीला मात्र बसवू नका. ते नाव पोरीला वाचवायला ठेवलेलं नव्हतं. मुलगाच हवा होता आणि पुन्हा मुलगी झाली, तर पुढची तरी होऊ नये म्हणून ठेवलेलं होतं. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुशींना समारंभ करून नवी नावं दिली गेली, कित्येकींनी ती स्वतः निवडली. ते योग्यच झालं. ते नाव त्या पोरींना रोज हाकेसरशी टोचत होतं, आणि जिवंत माणसाला नको असलेलं नाव टाकून देण्याचा पूर्ण हक्क आहे. कचरूच्या नातवाने मिलिंद व्हावं हाही तोच हक्क.

पण तुमचे आजेसासरे आज नाहीत. त्यांनी हयातभर तेच नाव चालवलं. त्या नावाने पेरण्या केल्या, त्या नावाने अंगठे उठवले. ते नाव बदलायचा हक्क आता नातीला नाही, तिचा हेतू कितीही चांगला असला तरी. तिला सांगा, ‘उकर्डा’च लिही. त्यांच्या राशीचं नाव वेगळं होतं आणि घरात कुणाला ते आठवत असलं, तर कंसात तेही लिही. जन्मनाव एक आणि चालू नाव दुसरं असं पुष्कळांचं असतं. त्यांच्या आधी घरात किती मुलं गेली होती हे सांगणारं जुनं माणूस कुणी असेल तर तेवढंही विचारून टिपून ठेवा. नावाचं कारण तिथेच सापडेल.

याला व्यवहाराचीही बाजू आहे. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. त्यात, सातबाऱ्याच्या जुन्या फेरफारांत आणि शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात त्यांचं नाव उकर्डा असंच असणार, काही कागद मोडीत असतील. जात पडताळणीसाठी वंशावळ जोडावी लागते तेव्हा प्रतिज्ञापत्रातलं नाव आणि या कागदांतलं नाव जुळावं लागतं. वंशावळीत ओंकार आणि कागदात उकर्डा असेल, तर ही एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करता करता पुढच्या पिढीच्या चपला झिजतील. कोतवाल बुकाची प्रमाणित नक्कल खामगावला तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मागता येते.

नातीला या कामात युटातही आधार मिळेल. मॉर्मन लोक पूर्वजांसाठी मंदिरात विधी करतात, म्हणून वंशावळीला त्यांच्याकडे फार मोल. १८९४ पासून त्यांची वंशावळ संस्था काम करते, आणि त्यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीसुद्धा सूक्ष्मचित्रं घेतलेली आहेत. सॉल्ट लेक सिटीतलं त्यांचं वंशावळ ग्रंथालय कुणालाही फुकट वापरता येतं, पंथाचं असावं लागत नाही. तिथे काम करणारी माणसं जुनी, चमत्कारिक वाटणारी नावं जशीच्या तशी उतरवून घ्यायला सरावलेली आहेत. तिला म्हणावं, पणजोबांच्या वडिलांचं नाव तिथे नोंदवताना इंग्रजी स्पेलिंग एकच ठेव आणि शेजारी देवनागरीतही लिही, म्हणजे उद्या नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वहीशी ते ताडून बघता येईल.