फ्लॅशची निवड : अंतर आणि कोन

झाशीच्या लक्ष्मी दरवाजाबाहेर लक्ष्मी ताल हे जुने तळे आहे. त्याच्या परिसरात नेवाळकरांची कुलदेवता महालक्ष्मी हिचे मंदिर असून, १८५३ साली निवर्तलेल्या गंगाधरराव महाराजांची छत्रीही जवळच आहे. ही छत्री राणी लक्ष्मीबाईंनी बांधविली. अशा स्थळी कॅमेरा घेऊन जाणाऱ्यापुढे तीन निरनिराळी कामे असतात : सायंकाळी तळ्याचे विस्तृत दृश्य टिपणे, काठावर उभ्या असलेल्या व्यक्तीचे चित्र घेणे, आणि छत्रीच्या दगडी कामाची नोंद करणे. मोठा फ्लॅश विकत घेतला की ही तिन्ही कामे साधतील, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. फ्लॅशने काय साधेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : अंतर आणि कोन.

१. प्रकाश कसा निर्माण होतो

१८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमच्या भुकटीचा उपयोग प्रकाशचित्रणासाठी होऊ लागला. तिचा धूर व धोका दोन्ही मोठे होते. पुढे काचेच्या बंद फुग्यात जळणारे दिवे आले. आणि १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हॅरॉल्ड एजर्टन यांच्या संशोधनामुळे विजेचा फ्लॅश प्रचारात आला. यात धारित्रामध्ये विद्युत्‌भार साठविला जातो व तो झेनॉन वायूच्या नळीतून एकदम सोडला जातो. समजा, १,००० मायक्रोफॅरड धारकतेचे धारित्र ३०० व्होल्टपर्यंत भारित केले, तर त्यात ४५ जूल ऊर्जा साठते. ती १/१००० सेकंदात बाहेर पडल्यास त्या क्षणापुरती सरासरी शक्ती ४५,००० वॉट होते. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील : एवढ्याशा पेटीतून इतका प्रखर प्रकाश का निघतो, आणि बंद केलेला फ्लॅशही उघडून पाहणे का धोक्याचे आहे.

२. अंतराचा नियम

लहान दिव्यापासून निघालेला प्रकाश अंतराबरोबर पसरत जातो. अंतर दुप्पट झाले की तेवढ्याच जागेवर पडणारा प्रकाश चौथाई होतो, तिप्पट झाले की नवमांश. यासच व्यस्त वर्गाचा नियम म्हणतात. फ्लॅशची क्षमता दर्शविणारा ‘गाइड नंबर’ याच नियमावर आधारलेला आहे. गाइड नंबरास अंतराने भागले असता भिंगाच्या छिद्राचा अंक मिळतो. आयएसओ १०० असताना ज्याचा गाइड नंबर ४० मीटर आहे, त्या फ्लॅशने ५ मीटरवरील वस्तूसाठी एफ ८, तर १० मीटरवरील वस्तूसाठी एफ ४ ठेवावे लागेल. एफ २.८ ठेवूनही हा प्रकाश सुमारे १४ मीटरपलीकडे पुरेसा पडत नाही. सारे तळे उजळण्याची आशा त्यामुळे व्यर्थ होय. तेथे तिपाई आणि दीर्घ प्रकाशनकाल हाच उपाय.

काठावरील व्यक्तीची गोष्ट निराळी. ती ३ मीटरवर असेल, तर फ्लॅश तिला सहज उजळतो. मागील तळ्याचा व आकाशाचा मंद प्रकाश मात्र शटर किती काळ उघडे राहते यावर अवलंबून असतो. म्हणून व्यक्तीसाठी फ्लॅशची शक्ती व छिद्र, आणि पार्श्वभूमीसाठी शटरचा काल, असा स्वतंत्र विचार करावा.

३. कोन आणि ब्रॅकेट

फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ असला की त्याचा प्रकाश डोळ्याच्या बाहुलीतून आत शिरून रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पटलावरून परततो आणि डोळे लाल दिसतात. ३ मीटरवरील व्यक्तीच्या दृष्टीने, भिंगापासून ५ सेंटिमीटरवरील फ्लॅश सुमारे १ अंशाचा कोन करतो. ब्रॅकेटवर २० सेंटिमीटर दूर बसविलेला फ्लॅश जवळजवळ ४ अंशांचा. एवढ्या फरकाने हा दोष बहुधा नाहीसा होतो. परंतु १० मीटरवर तोच कोन १ अंशाच्या आसपास येतो, हे विसरू नये.

ब्रॅकेटचा दुसरा उपयोग उभ्या चित्रात दिसतो. कॅमेरा आडवा केला की माथ्यावरचा फ्लॅश बाजूस जातो आणि व्यक्तीची सावली मागील भिंतीवर एका अंगास पडते. फिरता ब्रॅकेट फ्लॅशला पुन्हा भिंगाच्या वर आणतो.

४. कोरीव कामासाठी

दगडातील नक्षी आपणांस दिसते ती तिच्या सावल्यांमुळे. २ सेंटिमीटर उठाव असलेल्या नक्षीवर २ मीटरवरून, ब्रॅकेटवरील फ्लॅशने, प्रकाश टाकला तर सावली जेमतेम २ मिलिमीटर पडते व नक्षी सपाट भासते. तोच फ्लॅश तारेने अथवा बिनतारी यंत्रणेने जोडून बाजूस ६० अंशांवर धरला, तर सावली सुमारे साडेतीन सेंटिमीटर होते आणि प्रत्येक रेषा स्पष्ट उठते. ज्या चित्राचा उपयोग उद्या झिजलेल्या दगडाची पूर्वस्थिती जाणण्यासाठी व्हावयाचा आहे, तेथे हा फरक निर्णायक ठरतो. या कामी ब्रॅकेटपेक्षा लांब तार अधिक मोलाची.

५. निवड करताना

फ्लॅशची शक्ती हाताने कमी-अधिक करता यावी व त्याचे तोंड फिरावे. ब्रॅकेट कॅमेऱ्याच्या तळाशी पाव इंची स्क्रूने बसतो. तो वजनाने वाकू नये, आणि बॅटरीचे झाकण अडवू नये. काही जुन्या फ्लॅशांच्या जोडबिंदूंवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो. तो आजच्या कॅमेऱ्यांस अपायकारक ठरू शकतो, म्हणून तो मोजल्यावाचून जोडू नये. संरक्षित वास्तूंच्या ठिकाणी तिपाई व कृत्रिम प्रकाश यांसाठी आधी परवानगी विचारावी.

स्वाध्याय : आयएसओ १०० असताना एका फ्लॅशचा गाइड नंबर २८ मीटर आहे. एफ ४ ठेवल्यास तो किती अंतरापर्यंत पुरेल? आयएसओ ४०० केल्यास ते अंतर किती होईल?

(उत्तर : ७ मीटर, १४ मीटर. संवेदनक्षमता चौपट झाली तरी अंतर केवळ दुप्पट होते. याचे कारण वाचकांनी व्यस्त वर्गाच्या नियमावरून स्वतः शोधावे.)