बदलीचे गाव आणि मोटारीचा विमा

शासकीय सेवेत बदली ही नित्याची बाब होय. बदलीचा आदेश हाती पडला की मुलांची शाळा, घरसामान, शिधापत्रिका यांची व्यवस्था आठवणीने केली जाते. मोटारीचे विमापत्र मात्र कपाटातच राहते. वर्ष सरते, नूतनीकरणाचे सूचनापत्र जुन्या पत्त्यावर जाते आणि विम्याची मुदत संपल्याचे मालकाच्या ध्यानीही येत नाही. अशा वेळी अपघात घडल्यास भरपाईचा भार मालकावर व्यक्तिशः पडतो. त्याची ऐपत नसेल, तर अपघातग्रस्त कुटुंबाच्या हाती काहीच लागत नाही.

विमा चालू राहतो काय?

केवळ घर बदलल्याने विमा रद्द होत नाही. विमापत्राचे क्षेत्र सर्वसाधारणपणे संपूर्ण भारत हे असते. सर्वंकष विमा असल्यास मोटार रेल्वेने अथवा मालवाहू वाहनाने नेताना झालेले नुकसानही त्यात येते. तथापि नवा पत्ता कंपनीस कळवून विमापत्रावर तशी नोंद करून घेणे अगत्याचे आहे.

हप्त्यात फरक

हप्त्याचे दोन भाग असतात. त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा दर इंजिनाच्या घनक्षमतेनुसार केंद्र शासन ठरविते. तो देशभर सारखाच असतो. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्यासाठी 2002 च्या दरपत्रकाने मुंबई, पुणे यांसह आठ महानगरांचा एक व उर्वरित देशाचा दुसरा असे विभाग पाडले होते. 2007 पासून हे दर कंपन्यांवर सोपविण्यात आले. त्या दरपत्रकातील विभाग वाहनाच्या नोंदणीच्या ठिकाणावरून ठरत असे, मालकाच्या वास्तव्यावरून नव्हे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 49 नुसार पत्ता बदलल्यापासून 30 दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविले पाहिजे. समजा, कोल्हापूरच्या अधिकाऱ्याची पणजीस बदली झाली व मोटार तेथे 12 महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर कलम 47 नुसार नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. क्रमांक बदलताच विमापत्रातही तो बदलून घ्यावा. अन्यथा दाव्याच्या वेळी कागदपत्रांतील तफावत अडचणीची ठरते.

वारंवार आंतरराज्य बदली होणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांसाठी 2021 पासून 'बीएच' ही नोंदणी मालिका उपलब्ध आहे. तीत राज्य बदलल्यावर नवा क्रमांक घ्यावा लागत नाही. पत्ताबदल मात्र कळवावाच लागतो.

नूतनीकरणात खंड नको

विमा नसलेले वाहन चालविणे हा कलम 196 नुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी शिक्षा होऊ शकते. मुदत संपून 90 दिवस उलटल्यास दावा न केल्याबद्दल मिळणारी, 50 टक्क्यांपर्यंत वाढू शकणारी सवलतही गमवावी लागते.

गावात नव्याने राहावयास आलेल्या वाहनधारकांना शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी या गोष्टींची जाणीव करून द्यावी. विमापत्र मालकाच्या नावाचे असले, तरी रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाचाही तो आधार आहे.