प्लॅस्टिकच्या बंपरवरील ओरखडे : कारणे आणि घरगुती दुरुस्ती

झाशीचा किल्ला ज्या टेकडीवर १६१३ साली उभारण्यात आला, तिचा खडक ग्रॅनाइटचा आहे. बुंदेलखंडातील हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा असून त्यातून क्वार्ट्झच्या लांबच लांब रांगा गेलेल्या आढळतात. ऊनपावसाच्या माऱ्याने हा खडक झिजतो, तेव्हा त्याच्या इतर घटकांची माती होते. क्वार्ट्झचे कण मात्र टिकून राहतात आणि रस्त्यावरील धुळीत मिसळतात. फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या काठिण्याची जी श्रेणी ठरविली, तीत शंखजिऱ्याचा अंक १, क्वार्ट्झचा ७ आणि हिऱ्याचा १० आहे. खिडकीच्या काचेचे काठिण्य ५.५ च्या आसपास असते. ज्या धुळीने काचेवरही चरा उठू शकतो, तिच्यापुढे मोटारीच्या रंगाचा काय पाड? धुळीने माखलेला बंपर कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे तो आपल्याच हाताने घासून खराब करणे होय.

उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे देशातील दोन महामार्ग झाशीजवळ एकमेकांस मिळतात. अशा ठिकाणी मोटारीस ओरखडे पडणे अपरिहार्यच. ते पडले म्हणजे अनेकांना संपूर्ण बंपर बदलण्याचा सल्ला मिळतो. हा खर्च खरोखरच आवश्यक आहे काय, हे ज्याचे त्याला ठरविता यावे, यासाठी बंपरची घडण समजून घेणे इष्ट आहे.

पूर्वीचे बंपर पोलादाचे असत. आज बहुतेक मोटारींचे बंपर पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे असतात. इटलीतील जुलिओ नाट्टा यांनी १९५४ साली हे प्लॅस्टिक स्फटिकरूपात सिद्ध केले. १९६३ साली त्यांना व जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बंपरसाठी या प्लॅस्टिकात लवचिकपणा यावा म्हणून रबर आणि ताठरपणा यावा म्हणून शंखजिऱ्याची पूड मिसळतात. हे द्रव्य गंजत नाही. म्हणून त्यावरील ओरखडा हा रूपाचा दोष असतो, बळाचा नव्हे. धक्का सोसणारी पट्टी या आवरणाच्या मागे असते.

बंपरवर सामान्यतः तीन थर असतात : तळाशी प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेचा थर. या वरच्या थराची जाडी सुमारे ३० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या तीन ते पाच पट असते. ओरखडा किती खोल गेला आहे, हे दोन सोप्या कसोट्यांनी कळते. प्रथम जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. मग ओरखड्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब ठेवावा. ओरखडा दिसेनासा झाला तर तो केवळ पारदर्शक थरात आहे असे समजावे. कारण चऱ्यातील हवेमुळे प्रकाश विखुरतो. पाण्याचा वक्रीभवनांक हवेपेक्षा लाखेस अधिक जवळचा असल्याने पाणी भरताच हे विखुरणे कमी होते. दुसरी कसोटी नखाची. ओरखड्यावरून आडवे नख फिरविताना ते अडकले, तर चरा खोल आहे.

नख अडकत नसेल, तर घासून चकाकी आणण्याच्या कामी वापरतात ते रबिंग कंपाउंड पुष्कळदा पुरे होते. मऊ फडक्यावर थोडेसे घेऊन हलक्या हाताने फिरवावे व नंतर मेण लावावे. तेवढ्याने भागले नाही, तर २००० व त्यानंतर ३००० क्रमांकाचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून जेमतेम दाब देत वापरावा. क्रमांक जितका मोठा तितका कागद बारीक, हे ध्यानात ठेवावे. दर काही क्षणांनी थांबून जागा पाहावी, कारण घासताना आपण पारदर्शक थरच उतरवीत असतो. कडांवर तो आणखी पातळ असतो. तेथे विशेष जपावे.

नख अडकत असेल वा काळे प्लॅस्टिक दिसत असेल, तर रंग पुन्हा द्यावा लागतो. येथेच बहुतेकांची फसगत होते. पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूत केवळ कार्बन व हायड्रोजन असतात. त्यामुळे मेणाप्रमाणेच त्यावर रंगाची पकड बसत नाही आणि काही महिन्यांत पापुद्रे निघतात. यास्तव उघड्या प्लॅस्टिकवर आधी प्लॅस्टिकसाठीचे पकड वाढविणारे द्रव्य लावावे. खोल चऱ्यात लवचिक पुट्टी भरून ती वाळल्यावर समतल घासावी. मग प्रायमर, रंग व लाख यांचे पातळ थर एकामागून एक द्यावेत. भिंतीची अथवा लोखंडाची पुट्टी वापरू नये. बंपर वाकताच ती तडकते.

ऋतूचा विचारही हवा. झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत व कधी त्याहूनही वर जातो आणि लू वाहते. अशा उन्हात रंग पसरण्यापूर्वीच सुकतो आणि धूळ त्यात रुतते. पावसाळ्यात दमट हवेने लाखेवर पांढुरकी छटा येऊ शकते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीतील निवांत सकाळ, तीही सावलीत, या कामास उत्तम.

एक गोष्ट कोणत्याही बचतीपेक्षा मोठी आहे. दोन घटकांच्या लाखेत आयसोसायनेट हे द्रव्य असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि साधा कापडी मुखपट्टा त्यापुढे निरुपयोगी ठरतो. असे काम योग्य साधने असलेल्या कारागिराकडेच सोपवावे. घरी इतर फवारा मारतानाही जागा उघडी असावी, हातमोजे व चष्मा घालावा आणि मुलांना दूर ठेवावे. ज्या बंपरमागे रडार बसविलेले असते, त्याच्यासमोर पुट्टी किंवा जाड रंग चढवू नये. त्याच्या लहरींना अडथळा होतो. बंपर तडकला असेल वा त्याच्या खुंट्या तुटल्या असतील, तर तेथे घरगुती उपाय चालत नाही.

या मर्यादा ओळखून हलका ओरखडा घरच्या घरी नाहीसा केल्यास पैसा वाचतो आणि एक धडधाकट वस्तू कचऱ्यात जाण्यापासूनही वाचते.