स्वेटर : एक वस्त्र, एक शब्द
(द्वितीय वर्ष, कला)

निफाड तालुक्याची थंडी सर्वांना वर्तमानपत्रांतून माहीत आहे. हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाची बातमी आली की तीत निफाडचे नाव पुष्कळदा असते. पारा फार उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून बागांत रात्री शेकोट्या पेटतात आणि पहाटे पाणी सोडले जाते. अशा दिवसांत पहाटेच्या एस. टी.ने आम्ही कॉलेजला येतो.

गेल्या हिवाळ्यात मराठीच्या तासाला सरांनी परभाषेतून आलेल्या शब्दांचा पाठ घेतला. टेबल, बस, स्टेशन हे नेहमीचे शब्द फळ्यावर लिहून झाल्यावर त्यांनी सांगितले, "प्रत्येकाने एक शब्द निवडावा आणि तो आपल्या घरात कसा आला, हे लिहून आणावे." काय निवडावे ते मला सुचेना. शेवटी जो शब्द अंगावर होता तोच घेतला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या टिपणाचा विस्तार होय.

शब्दाचे कुळ

इंग्रजीत 'स्वेट' म्हणजे घाम. तेव्हा 'स्वेटर' म्हणजे घाम आणणारा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील होड्या वल्हवणारे व इतर खेळाडू वजन उतरवण्यासाठी जाड लोकरी कपडा अंगात घालून मेहनत करीत. त्या कपड्याला हे नाव पडले. पुढे इतर लोकही तो घालू लागले आणि नाव मात्र तेच राहिले. थंडी घालवणे हा या शब्दाचा मूळ अर्थच नव्हे, हे वाचून मला नवल वाटले. आमच्याकडे घाम येऊ लागला की माणसे स्वेटर काढून बांधावर ठेवतात.

या शब्दाची भावंडेही पाहण्यासारखी आहेत. 'जर्सी' म्हटले की आमच्या भागात गाय डोळ्यांसमोर येते. खेळाडूच्या अंगातला कपडाही जर्सीच. ही दोन्ही नावे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील खाडीतल्या एकाच बेटावरून आली आहेत. त्या बेटावर विणकामाचा धंदा इतका बोकाळला होता की शेतीच्या कामांना माणसे मिळेनात. म्हणून १६०८ साली तेथे कायदा करण्यात आला, की हंगामात १५ वर्षांवरील माणसांनी विणत बसू नये. कांद्याच्या लागवडीला मजूर शोधत फिरणाऱ्या माणसाला हा कायदा चटकन समजेल.

पुढून बटणे असलेल्या स्वेटरला 'कार्डिगन' म्हणतात. हे एका इंग्रज उमरावाचे नाव होय. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा येथे जी लढाई झाली, तीत घोडदळाच्या एका प्रसिद्ध हल्ल्याचे नेतृत्व लॉर्ड कार्डिगन याने केले होते. डोके, कान व गळा झाकणारी जी टोपी आपण 'माकडटोपी' म्हणून ओळखतो, तिला इंग्रजीत त्या बालाक्लावाचेच नाव आहे. एका लढाईने विणकामाला दोन नावे दिली. आपण त्यातले एक स्वीकारले नाही. टोपी पाहिली, ती घातलेला माणूस पाहिला आणि आपले नाव ठेवले. मराठीची ही विनोदबुद्धी मला फार आवडली.

स्वेटरला मात्र आपण दुसरे नाव दिले नाही. त्याला मराठीत आणून केवळ वळवून घेतले. आमच्या गावातील म्हातारी माणसे 'सुटर' म्हणतात. कोणी 'तो स्वेटर' म्हणतो, कोणी 'ते स्वेटर'. म्हणजे लिंगाच्या बाबतीत तो अजून पुरता स्थिर झालेला दिसत नाही. स्वेटरवरून एखादी म्हण वा वाक्प्रचार आहे काय, याचाही मी शोध घेतला. मला एकही सापडला नाही. त्याच्याआधी जे वस्त्र येथे होते त्याचे तसे नाही.

घोंगडी

ते वस्त्र म्हणजे घोंगडी. रखडलेल्या कामाला आपण 'भिजत घोंगडे' म्हणतो. लोकरीची घोंगडी भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. ज्याने ती पावसात पांघरली आहे, त्यालाच हा वाक्प्रचार सुचू शकतो.

दख्खनी मेंढीची लोकर काळी आणि राठ असते. धनगर समाजातील कारागीर ती कातरून, पिंजून, सूत काढून खड्ड्यातल्या मागावर घोंगडी विणतात. सुताला बळकटी यावी म्हणून चिंचोक्याची खळ देतात. हे वस्त्र अंथरायला, पांघरायला, पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायला, सर्वांना उपयोगी पडते. मात्र एक गोष्ट त्याने होत नाही. ते पांघरून दोन्ही हातांनी काम करता येत नाही. एक हात ते सावरण्यात जातो. आमच्या आजोबांना मी विचारले, "तुम्ही स्वेटर का घेतला?" ते म्हणाले, "दारं धरताना घोंगडी पाण्यात पडायची." खेड्यात स्वेटर का रुजला, याचे इतके नेमके उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. शेतीपंपाची वीज कित्येकदा रात्रीची येते. पौषातल्या मध्यरात्री गुडघ्याइतक्या गार चिखलात फावडे चालवायचे, तर दोन्ही हात मोकळे हवेत.

विणणे म्हणजे काय?

मराठीत घोंगडी विणतात, बाज विणतात, टोपली विणतात आणि स्वेटरही विणतात. इंग्रजीत मागावरच्या विणण्याला एक शब्द आहे आणि सुयांवरच्या विणण्याला दुसरा. हा भेद केवळ शब्दांचा नाही. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांतून जातात. सुयांवर धागा एकच असतो. त्याचा फास करायचा, त्या फासातून दुसरा फास काढायचा, अशा ओळींवर ओळी चढवायच्या. म्हणून स्वेटर ताणला जातो व पुन्हा जागेवर येतो. फासांच्या पोकळीत हवा अडकून राहते आणि ही हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. स्वेटर स्वतः गरम नसतो. तो आपलीच ऊब आपल्यापाशी धरून ठेवतो.

एका धाग्याचे असल्यामुळेच या वस्त्राचा आणखी एक गुण आहे. शिवलेला सदरा फाटला की त्याच्या चिंध्या होतात. विणलेला स्वेटर जुना झाला तर तो उसवता येतो. धागा धुऊन, त्याची वळणे काढून, गुंडा करून पुन्हा नवा विणता येतो. या गुणाकडे मी पुढे येणार आहे.

विणकामाची भाषा मी घरात ऐकत होतो, पण तिच्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. टाके घालणे, सुलट टाका, उलट टाका, टाके वाढवणे, घटवणे, टाका गळणे, टाके बंद करणे. काठाला एक सुलट एक उलट, म्हणजे तो अंगाला धरून बसतो. जुन्या मापाप्रमाणे सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणून काठ १२ नंबरच्या सुयांवर आणि वरचा भाग १० नंबरवर. वस्त्राचे नाव परके राहिले, पण ते करण्याची सारी भाषा बायकांनी मराठीत करून घेतली, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

बाजारातला स्वेटर

सध्या अंगावर दिसणारे बहुतेक स्वेटर यंत्रावरचे असतात. विणण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ साली तयार केले. आपल्या देशात या धंद्याचे मोठे केंद्र म्हणजे पंजाबातील लुधियाना. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली विणणारे कारागीर तेथे येऊन राहिले आणि पुढे तेथे कारखाने वाढले.

लुधियानाचा माल आपल्यापर्यंत आणणाऱ्यांत तिबेटी लोक आहेत. १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो निर्वासित आले. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव येथे त्यांची वसाहत आहे. हिवाळा आला की अनेक शहरांतील रस्त्यांच्या कडेला त्यांची स्वेटरची दुकाने लागतात. अशाच एका दुकानातील बाईंना मी विचारले, "हे तुम्ही घरी विणता का?" त्या हसल्या. माल लुधियानाचा, पुष्कळदा उधारीवर आणलेला, हंगाम संपला की पैसे फेडायचे, असे त्यांनी सांगितले. पेरणीला उधारीवर बियाणे घेणाऱ्या घरातला मी असल्यामुळे मला पुढे काही विचारावे लागले नाही.

या मालातील बराचसा ॲक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा असतो. त्यात मेंढीचा संबंध नाही. तरी आपण त्यालाही 'लोकर'च म्हणतो. वस्तू बदलली आणि शब्द मागे राहिला, याचे हे दुसरे उदाहरण होय.

घरातला स्वेटर

घरात स्वेटर कोणाच्या अंगावर कसा येतो, हेही पाहण्यासारखे आहे. पुरुषांचा स्वेटर डोक्यातून घालायचा असतो. अंबाडा आणि पदर असलेल्या बाईला ते अडचणीचे. म्हणून बायकांचा स्वेटर पुढून बटणांचा. घोडदळाच्या सेनानीचे नाव मिळालेले वस्त्र आमची आजी लुगड्यावरून घालते आणि त्याच्या खिशात तंबाखूची डबी ठेवते. बाळंतविड्यात कुंची आणि दुपटी यांच्या जोडीला इवलासा स्वेटर, टोपडे व मोजे आले. आमच्या एका प्राध्यापिका सांगतात, की १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा त्यांच्या आईने आळीतल्या बायकांबरोबर जवानांसाठी स्वेटर विणले होते. हिमालयात लढणाऱ्या आपल्या अनेक जवानांजवळ तेव्हा पुरेसे गरम कपडे नव्हते. देशभर बायकांनी सुया हाती घेतल्या. ज्यांना त्यांनी कधी पाहिले नाही, त्यांच्या मापाचा त्यांनी केवळ अंदाज केला.

आता माझ्या अंगावरच्या स्वेटरविषयी. आम्ही ज्या शाळेत होतो तिथे हिवाळ्यात गर्द निळा स्वेटर सक्तीचा होता. ज्याच्याकडे तो नसे त्याला प्रार्थनेच्या वेळी वेगळ्या रांगेत उभे करीत. वडिलांनी एकच घेतला, तो माझ्या ताईसाठी, कारण ती वरच्या वर्गात होती आणि हुशार होती. मी वेगळ्या रांगेत उभा राहिलो. ताई दहावी पास झाली. पुढचे कॉलेज नऊ किलोमीटरवर होते. ती घरी राहिली आणि तोच स्वेटर घालून आईबरोबर कांदे लावायला जाऊ लागली. शेजारी राहायला आलेल्या कंडक्टरच्या पत्नीकडून ती विणकाम शिकली.

मी अकरावीला गेलो त्या वर्षी दिवाळीनंतर तिने तो स्वेटर उसवला. निळी लोकर पुरेना, म्हणून करड्या रंगाच्या दोन लड्या आणल्या. म्हणून माझ्या स्वेटरच्या बाह्या करड्या आहेत. कॉलेजात त्यावरून मला कोणी हसले तर राग येत असे. आता येत नाही.

या लेखाच्या निमित्ताने मी त्या स्वेटरचे टाके मोजले. पाठीला १०० टाके आणि १६० ओळी, म्हणजे १६,०००. पुढचा भाग गळ्याचे वजा करून सुमारे १५,०००. बाही मनगटाशी ४४ टाक्यांची व दंडाशी ७० टाक्यांची, म्हणजे सरासरी ५७, ओळी १४०, एका बाहीचे ७,९८० आणि दोहोंचे १५,९६०. सारे मिळून ४७ हजारांच्या आसपास. धुणे, भांडी, गोठा आणि दुसऱ्याच्या शेतातली मजुरी आटोपल्यावर रात्री घातलेले हे टाके. घरात याला कोणी काम म्हटले नाही. 'बसल्या बसल्या विणते' असेच म्हणत. मीही म्हणत असे.

'स्वेटर' म्हणजे घाम आणणारा, हा अर्थ पुस्तकात घालणाऱ्याच्या बाजूने दिलेला आहे. विणणाऱ्याच्या बाजूने त्याचा विचार झालेला मला आढळला नाही. तो व्हावा, एवढेच या अभ्यासातून मला म्हणायचे आहे.

ताईचे लग्न होऊन तीन वर्षे झाली. संक्रांतीला ती माहेरी आली तेव्हा मी तिला हिशेब दाखवला. वही हातात घेऊन तिने आकडेमोड तपासली. बेरीज बरोबर होती. मग म्हणाली, "पण हे कमी आहेत रे. गळा मी दोनदा उसवला होता. ते टाके तू कुठे धरलेस?"

बाहेरून बारावीला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. त्याची चौकशी मी करून ठेवली आहे. ताईने अजून हो म्हटलेले नाही. पण नाहीही म्हटलेले नाही.